तारा जोडा, आवाज ऐका! : प्युअर डेटाशी पहिली ओळख

– एक विद्यार्थी, तृतीय वर्ष, ई अँड टीसी

सुरुवातीलाच दोन कबुल्या देऊन टाकतो. पहिली म्हणजे माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालंय. एकोणऐंशी म्हणजे ६९, ७९ की ८९, हे मला अजूनही बोटांवर मोजावं लागतं. म्हणून या लेखात सगळे आकडे आकड्यांतच आहेत. मराठी चुकलं तर सांभाळून घ्या. दुसरी कबुली जरा जड आहे. सेकंड इयरला सिग्नल्स अँड सिस्टिम्समध्ये मला १०० पैकी २८ मार्क पडले आणि केटी लागली. फूरिअर सिरीजचे फॉर्म्युले पाठ होते, पण ते कशाबद्दल आहेत हे माहीत नव्हतं.

हा लेख एका सॉफ्टवेअरबद्दल आहे. त्याने मला ते फॉर्म्युले कानाने ऐकवले. ते शिकताना मी माझ्या रूममेटला त्रास दिला, तेही सांगणार आहे, कारण तुम्ही पुन्हा तीच चूक करू नये.

हे प्रकरण आहे तरी काय?

सॉफ्टवेअरचं नाव प्युअर डेटा, लाडाने पीडी. यात कोड लिहायचा नसतो. स्क्रीनवर बॉक्स ठेवायचे आणि ते तारांनी जोडायचे. आपल्या लॅबमध्ये फंक्शन जनरेटर, ॲम्प्लिफायर आणि सीआरओ पॅच कॉर्डने जोडतो ना, अगदी तसंच! म्हणून यातल्या फाइललासुद्धा 'पॅच' असंच म्हणतात. फरक इतकाच की इथे पॅच कॉर्ड कधी तुटत नाही आणि लॅब असिस्टंट ओरडत नाहीत.

थोडा इतिहास. अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये मॅक्स मॅथ्यूज नावाच्या इंजिनिअरने १९५७ साली 'म्युझिक' नावाचा प्रोग्राम लिहिला आणि आयबीएम ७०४ या खोलीभर मोठ्या कॉम्प्युटरकडून १७ सेकंदांची धून वाजवून घेतली. पुढे १९८०च्या दशकात पॅरिसच्या इरकाम या संस्थेत मिलर पकेट यांनी बॉक्स आणि तारांचा प्रोग्राम केला आणि मॅथ्यूज यांच्या नावावरून त्याला 'मॅक्स' नाव दिलं. मॅक्स आजही विकत मिळतो. पकेट नंतर कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो शाखेत गेले आणि १९९६ मध्ये त्यांनी प्युअर डेटा आणला. तो फुकट आहे, त्याचा सोर्स कोड खुला आहे आणि विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतो. होस्टेलच्या बजेटमध्ये बसणारं हेच!

पहिला आवाज

आधी एक सूचना : बॉक्सची नावं मी मराठीत लिहितोय, पण टाइप करताना इंग्रजी छोट्या अक्षरांतच करायची, आकडेही इंग्रजीच. नावापुढे ~ हे नागमोडी चिन्ह दिसेल. त्याला टिल्ड म्हणतात. बहुतेक कीबोर्डवर ते एस्केपच्या खाली असतं, शिफ्ट दाबून येतं.

हेडफोन काढून ठेवा. लॅपटॉपचा व्हॉल्यूम अगदी कमी करा. मीडिया मेनूत 'टेस्ट ऑडिओ अँड मिडी' आहे, तिथून आवाज येतोय ना ते पाहा. आता नवीन फाइल उघडा आणि

१) कंट्रोल+१ दाबा. रिकामा बॉक्स येईल. त्यात ओ-एस-सी, मग टिल्ड, मग एक स्पेस आणि २२० लिहा. हा 'ओएससी~' म्हणजे ऑसिलेटर, २२० हर्ट्झची साइन वेव्ह देणारा.

२) पुन्हा कंट्रोल+१. आता *~ ०.१ लिहा. म्हणजे येणाऱ्या प्रत्येक आकड्याला ०.१ ने गुणा. हा झाला आपला व्हॉल्यूम नॉब.

३) तिसरा बॉक्स : डी-ए-सी आणि टिल्ड. डिजिटल टू ॲनालॉग कन्व्हर्टर, म्हणजे स्पीकरकडे जाणारी वाट. याला वरून दोन इनलेट असतात, डावा स्पीकर आणि उजवा स्पीकर.

४) पहिल्या बॉक्सच्या खालच्या आउटलेटपासून माउस ओढत दुसऱ्याच्या डाव्या इनलेटपर्यंत न्या. तार जोडली गेली. दुसऱ्यापासून तिसऱ्याच्या दोन्ही इनलेटना दोन तारा द्या.

५) कंट्रोल आणि / एकत्र दाबा. आवाज सुरू. बंद करायला कंट्रोल आणि टिंब. हे बंद करायचं बटण आधी पाठ करा, सुरू करायचं नंतर!

झालं. सरळ, गुळगुळीत 'ऊऽऽ' ऐकू आला की समजा तुम्ही पीडी प्रोग्रामर झालात.

फ्रिक्वेन्सी बदलायला कंट्रोल+३ ने नंबर बॉक्स आणा आणि त्याची तार 'ओएससी~'च्या डाव्या इनलेटला जोडा. आता कंट्रोल+ई दाबा. त्याने एडिट मोड जाऊन रन मोड येतो, परत दाबलं की उलट. सुरुवातीला ९०% वेळा 'हे चालत का नाहीये?' याचं उत्तर 'अरे, तू अजून एडिट मोडमध्ये आहेस' हेच असतं. रन मोडमध्ये नंबर बॉक्स माउसने वर-खाली ओढा, आवाजही वर-खाली जाईल.

तारा दोन प्रकारच्या

नीट पाहिलंत तर काही तारा जाड दिसतील, काही बारीक. जाड तारेतून सिग्नल जातो, म्हणजे सेकंदाला ४४,१०० किंवा ४८,००० आकडे न थांबता. बारीक तारेतून निरोप जातो, तोही काही घडलं तरच. नंबर बॉक्स हलवला की एक आकडा गेला, संपलं. ज्या बॉक्सच्या नावात टिल्ड आहे तो सिग्नलवर काम करतो. टिल्ड विसरलात तर सिग्नलची जाड तार त्याला जोडलीच जाणार नाही. 

दुसरी गोष्ट म्हणजे निरोपवाल्या बॉक्समध्ये डावा इनलेट 'गरम' आणि उजवा 'थंड' असतो. साधा + चा बॉक्स घ्या, दोन्हीकडे नंबर बॉक्स जोडा. उजवीकडचा आकडा कितीही बदला, उत्तर बदलत नाही! तो आकडा नुसता लक्षात ठेवला जातो. डावीकडे काही आलं की मगच बेरीज होऊन बाहेर पडते. हे माहीत नव्हतं म्हणून माझी एक अख्खी रात्र गेली.

आता सिग्नल्सची केटी असणाऱ्यांसाठी खास. मीडिया मेनूतल्या ऑडिओ सेटिंग्जमध्ये सॅम्पल रेट पाहा. समजा ४८,००० आहे. आता 'ओएससी~'ला ४७,००० द्या. माणसाला साधारण २०,००० हर्ट्झच्या वरचं ऐकू येत नाही, म्हणजे शांतता हवी. पण स्वच्छ १,००० हर्ट्झची शिट्टी ऐकू येईल! ४८,००० वजा ४७,०००. यालाच एलियासिंग म्हणतात. पेपरात यावर मी दीड पान लिहिलं होतं आणि मार्क मिळाला होता एक.

माझी चूक

माझा रूममेट गातो. होस्टेलवर सगळे त्याला 'बुवा' म्हणतात. तो मिरजेचा आहे, लहानपणापासून क्लासिकल शिकतोय. त्या आठवड्यात त्याची गाण्याची परीक्षा चार दिवसांवर होती.

रात्रीचे अकरा वाजून गेले होते, रेक्टर सरांचा राउंड होऊन गेला होता. म्हणून स्पीकर बंद आणि इअरफोन चालू. मी बुवाला म्हणालो, "अरे, जरा ऐक ना, तुझा कान चांगला आहे." ०.१ वर आवाज बारीक वाटला म्हणून लॅपटॉपचा व्हॉल्यूम मी फुल केलेला होता. मग मला वाटलं, दर वेळी बॉक्स बदलण्यापेक्षा व्हॉल्यूमलाही नंबर बॉक्स जोडू. जोडला. आणि टीव्हीच्या रिमोटसारखं, निम्मा आवाज म्हणून त्यात टाइप केलं ५०.

बुवाने इअरफोन ओढून फेकले तेव्हा त्याचा चेहरा पांढरा पडला होता. तो ओरडलासुद्धा नाही. दोन्ही कानांवर हात धरून कॉटवर बसून राहिला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत त्याच्या कानात बारीक शिट्टी वाजत होती. रियाज बंद. आणि माझ्याशी बोलणंही बंद.

नेमकं काय झालं होतं? 'डीएसी~'ला -१ ते +१ एवढेच आकडे समजतात. त्याच्या बाहेरचं सगळं तो कापून टाकतो. ५० ने गुणलेली साइन वेव्ह जवळजवळ सगळा वेळ या मर्यादेच्या बाहेर असते. म्हणजे वरून कापली, खालून कापली, आणि राहिली ती चौकोनी लाट, स्क्वेअर वेव्ह. उंची आधीच्या दहापट. शिवाय स्क्वेअर वेव्हमध्ये मूळ फ्रिक्वेन्सीच्या तिप्पट, पाचपट, सातपट असे सगळे विषम हार्मोनिक्स असतात, म्हणून तो आवाज करवतीसारखा कानात घुसतो.

'स्क्वेअर वेव्हमध्ये फक्त ऑड हार्मोनिक्स असतात.' हे वाक्य मी पेपरात लिहिलं होतं, पाठ करून. त्याचा अर्थ मला त्या रात्री कळला, आणि किंमत दुसऱ्याच्या कानांनी दिली.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पीडीने एकही एरर दिला नाही. सी मध्ये सेमिकोलन विसरला तरी कंपायलर अडवतो. इथे तारा बरोबर होत्या, आकडा चुकला होता, आणि चुकीचा आकडा हासुद्धा एक आवाजच असतो. इथे कंपायलरचं काम तुमचा कान करतो. म्हणून त्याला सांभाळा.

त्या दिवसापासून माझ्या प्रत्येक पॅचमध्ये 'डीएसी~'च्या अगदी आधी एक बॉक्स असतो : 'क्लिप~ -०.२ ०.२', स्पेलिंग सी-एल-आय-पी. वरून काहीही येवो, तो ०.२ च्या पुढे जाऊ देत नाही. हा आपला फ्यूज. फ्यूज आधी, वायरिंग नंतर.

माफीचा तानपुरा

माफी कशी मागायची कळेना. शेवटी ठरवलं, बुवासाठी पीडीमध्ये तानपुरा करायचा. तुम्ही म्हणाल, मोबाईलवर तानपुऱ्याची ॲप मिळतात की! मिळतात, बुवाकडे आहेच. पण मला करून बघायचं होतं.

तानपुऱ्याला चार तारा. पहिली मंद्र पंचम, मधल्या दोन सा च्या, त्यांना जोडी म्हणतात, आणि शेवटची खर्जाची, म्हणजे खालचा सा. बुवाची पट्टी काळी एक. पेटीवरची पहिली काळी पट्टी, म्हणजे सी शार्प. त्या सप्तकात ती १३८.५९ हर्ट्झ. खर्ज त्याच्या निम्मा, ६९.३०. पंचमासाठी मी इंटरनेटवरून कीबोर्डच्या फ्रिक्वेन्सींचा तक्ता घेतला. त्यात होतं १०३.८३.

साइन वेव्हचा तानपुरा फार सपाट वाटतो, कारण तिच्यात हार्मोनिक्स नसतात. म्हणून 'ओएससी~'च्या जागी 'फेझर~' घेतला, पी-एच-ए-एस-ओ-आर. हा ० पासून १ पर्यंत चढतो आणि धपकन खाली येतो, म्हणजे करवतीच्या दात्यांची लाट. हिच्यात सगळे हार्मोनिक्स आहेत. ती ० ते १ मध्ये असते, म्हणून पुढे '-~ ०.५' लावून मध्यावर आणायची. मग 'लॉप~ ८००', एल-ओ-पी, हा लो पास फिल्टर धार थोडी बोथट करतो. मग '*~ ०.१', फ्यूज, आणि 'डीएसी~'. तिन्ही फ्रिक्वेन्सींसाठी असे तीन 'फेझर~'. एकाच इनलेटला अनेक सिग्नल जोडले तर पीडी त्यांची बेरीज आपोआप करतो.

परीक्षा झाल्यावर, ती बरी गेली असं ऐकल्यावर, मी धीर करून बुवाला बोलावलं. या वेळी स्पीकरवर, हळू आवाजात. त्याने लांबूनच ऐकलं. अर्ध्या मिनिटाने म्हणाला, "पंचम हलतोय."

मी म्हणालो, "शक्यच नाही. दोन डेसिमलपर्यंत आकडा दिलाय."

"असेल. पण हलतोय. सूज आल्यासारखा वर येतोय आणि बसतोय."

चार दिवसांनी तो माझ्याशी बोलत होता, म्हणून वाद घातला नाही. कॅल्क्युलेटर काढला. सा चा तिसरा हार्मोनिक म्हणजे १३८.५९ गुणिले ३, ४१५.७७. पंचमाचा चौथा हार्मोनिक म्हणजे १०३.८३ गुणिले ४, ४१५.३२. फरक साधारण ०.४५. दोन फ्रिक्वेन्सी इतक्या जवळ असल्या की बीट्स ऐकू येतात, सेकंदाला जितका फरक तितके. म्हणजे साधारण दर दोन सेकंदांनी एक उसळी. बुवा नेमकं तेच ऐकत होता!

कीबोर्डमध्ये सप्तकाचे १२ सारखे भाग केलेले असतात, त्यामुळे पंचम किंचित उतरतो. गायकाला हवा असतो शुद्ध पंचम, म्हणजे सा च्या बरोबर ३/२, आणि मंद्र पंचम म्हणजे ३/४. मी तक्ता सोडून दिला. सा चा आकडा एका नंबर बॉक्सला दिला, तिथून एक तार थेट, एक '* ०.७५' मधून आणि एक '* ०.५' मधून तिन्ही 'फेझर~'ना. पंचम झाला १०३.९४. फरक फक्त ०.११ हर्ट्झचा! पण उसळी थांबली. बुवा काही बोलला नाही, खुर्ची ओढून जवळ बसला.

तुम्हीही दोन्ही आकडे देऊन ऐकून पाहा. ज्याला सूर कळत नाही त्यालाही, म्हणजे मलाही, हे ऐकू येतं.

तार छेडायची कशी?

सतत वाजणारा आवाज म्हणजे तानपुरा नव्हे, तार छेडली जायला हवी. त्यासाठी 'मेट्रो ४०००' घ्या. मेट्रो म्हणजे मेट्रोनोम, दर ४,००० मिलिसेकंदांनी एक ठोका. तो चालू-बंद करायला कंट्रोल+शिफ्ट+टी ने टॉगल जोडा. ठोका जाऊ दे एका मेसेज बॉक्सला, कंट्रोल+२, ज्यात लिहिलंय : १ ५, ० ३००० ५. म्हणजे ५ मिलिसेकंदांत १ पर्यंत चढ, मग ५ मिलिसेकंद झाल्यावर ३,००० मिलिसेकंदांत ० वर उतर. हा निरोप 'व्हीलाइन~'ला, स्पेलिंग व्ही-एल-आय-एन-ई, आणि त्याचा सिग्नल त्या तारेच्या '*~'च्या उजव्या इनलेटला.

इथे एक खड्डा आहे. या '*~' मध्ये आकडा लिहायचा नाही. '*~ ०.१' असं लिहिलंत तर उजवा इनलेट सिग्नल घेतच नाही. म्हणून छेडीचा '*~' रिकामा आणि व्हॉल्यूमचा '*~ ०.१' त्याच्या पुढे वेगळा.

मेट्रोचा ठोका थेट पंचमाला द्या. 'डेल १०००' आणि 'डेल २०००' मधून सा ला दोनदा, आणि 'डेल ३०००' मधून खर्जाला. डी-ई-एल, म्हणजे डिले. पऽ सा सा साऽ सुरू होईल.

तरीही तो तानपुरा नाही

बुवाने पूर्ण ऐकलं आणि खरं ते सांगितलं : "सुरात आहे, पण जवारी नाही." तानपुऱ्याची घोडी रुंद आणि किंचित वक्र असते. तारेखाली दोरा सरकवून जवारी लावतात. तार त्या घोडीला सतत स्पर्श करत राहते आणि म्हणून हार्मोनिक्स फुलत-मिटत राहतात. सर सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्येच यावर निबंध लिहिला होता. साध्या तारेच्या नियमाने जे हार्मोनिक्स यायलाच नकोत तेही या घोडीमुळे येतात, असं त्यांनी दाखवलं. मिरजेच्या सतार-तानपुऱ्यांना २०२४ मध्ये जीआय टॅग मिळाला, ही बातमी मी वाचली होती आणि सोडून दिली होती. आता कळतंय की तिथले कारागीर हातात कानस घेऊन जे करतात ते मला फिल्टर लावूनही जमत नाहीये.

बुवा रियाजाला अजूनही ॲपच लावतो. मला वाईट वाटत नाही. पण परवा तो म्हणाला, "तुझा तो पंचम लाव रे जरा," आणि पाच मिनिटं त्यावर गुणगुणला. मला तेवढं पुरे!

जाता जाता

नवीन शिकणाऱ्यांना चारच गोष्टी सांगतो :

– एका वेळी एकच तार जोडा आणि ऐका. दहा जोडून ऐकलंत तर चूक कुठली ते कळणार नाही.

– 'क्लिप~' आधी. इअरफोन सगळ्यात शेवटी, आणि पहिल्यांदा आपल्याच कानाला, कानापासून लांब धरून. दुसऱ्याच्या कानावर प्रयोग नको.

– कुठल्याही बॉक्सवर राइट क्लिक करून 'हेल्प' निवडा. त्या बॉक्सचा चालणारा पॅच उघडतो. तो कॉपी करा, मोडा, पुन्हा जोडा. यापेक्षा चांगला क्लास नाही.

– सगळं सॉफ्टवेअर शिकू असं ठरवू नका. एक छोटी गोष्ट ठरवा, घंटा, सायरन, पाऊस, तानपुरा, आणि तेवढ्यापुरतंच शिका. बाकीचं मागून येतं.

माझा केटीचा पेपर अजून व्हायचाय. पास होईन की नाही माहीत नाही. पण या वेळी प्रश्नात स्क्वेअर वेव्ह आली तर उत्तर लिहिताना फॉर्म्युल्याआधी मला कानांवर हात धरून बसलेला बुवा आठवेल. ते विसरणं शक्य नाही.

कुणाला सुरुवात करायची असेल तर रात्री जेवणानंतर मेसच्या बाहेर भेटा. लॅपटॉप आणा. व्हॉल्यूम कमी करून आणा!